निळ्या मारुतीचं नवं इंजिन

"हे तुम्हाला खरं वाटणार नाही," रावसाहेब म्हणाले, "पण बंद पडलेल्या गाडीच्या इंजिनातून आम्ही जिवंत मासा काढलाय."

"केवढा?" गोपाळकृष्णांनी विचारलं. ते निवृत्त हेडमास्तर. खोटं पकडण्याआधी त्याचं माप घ्यायची त्यांची सवय होती.

"बोटाएवढा."

"मग ठीक. बोटाएवढं चालतं आम्हाला."

सदाशिव पेठेतल्या सोसायटीच्या गच्चीवर दर रविवारी सकाळी मंडळी जमत. चहा, खारी आणि रावसाहेबांच्या थापा. रावसाहेबांचा जन्म विमा कंपनीत गेलेला, त्यामुळे माल भरपूर. आज बाकीचे कोणी आले नव्हते. तिसऱ्या खुर्चीवर सुशीलाबाई होत्या. खालच्या मजल्यावर भाचीकडे राहायला येऊन त्यांना आठवडाच झाला होता.

"निघतात मासे," त्या म्हणाल्या. "धरणाचं पाणी सोडलं की नदीपात्रात कुठेही निघतात."

"घ्या, साक्षीदार मिळाला," गोपाळकृष्ण म्हणाले. "चालू द्या."

रावसाहेबांनी साक्षीदाराकडे पाहिलं नाही. कठड्यावरच्या कुंडीकडे बघत ते सांगू लागले.

गोष्ट होती शरच्चंद्रची. तो त्यांच्याच कंपनीत सर्व्हेअर होता, म्हणजे ठोकलेल्या, बुडालेल्या गाड्या तपासून भरपाई ठरवणारा. पुण्यात तेव्हा नव्या गाड्या आणि कॉम्प्युटरच्या कंपन्या जोडीनेच यायला लागल्या होत्या. तसल्या एका कंपनीतल्या बाईने स्वतःच्या पगारावर निळी मारुती घेतली, आणि एक दिवस नदीपात्रात उभी करून ऑफिसला गेली. खडकवासल्यातून पाणी सोडलं. गाडी बुडाली.

पाणी ओसरल्यावर तिने किल्ली फिरवली आणि इंजिन आतून मोडलं. आता नवंच घालावं लागणार होतं. पण पाणी शिरलेली गाडी मालकाने सुरू करायला जावं आणि त्यात इंजिन जावं, तर कंपनी हात वर करते. हे शरच्चंद्रला माहीत होतं, तिला नव्हतं.

"पाण्यातून निघाल्यावर किल्ली फिरवली होती का?" त्याने विचारलं.

"फिरवली की."

त्याने पेन परत खिशाला लावलं. "नीट आठवून सांगा."

"नीटच आठवतंय. दोनदा फिरवली."

"आणि हा बाबा तिथेच गेला," रावसाहेब म्हणाले. "कैक वर्षं लोकांचं खोटं ऐकून कान किटलेले. गॅरेजमध्ये खरं बोलणारं माणूस त्याने पहिल्यांदा पाहिलं."

"दिसायला बरी होती का?"

"खरं बोलत होती म्हणतोय ना, हेडमास्तर."

एका ओळीत क्लेम नाकारता आला असता. शरच्चंद्रने नाकारला नाही. वाट काढू म्हणाला, आणि वाट लांबवत नेली. फोटो नीट आले नाहीत, पुन्हा काढू. चॅसिसचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीने घासून घेतात, तो पुसट आला, पुन्हा घेऊ. दर शनिवारी ती गॅरेजमध्ये यायची. उघडून ठेवलेल्या इंजिनाशी दोघं उभी राहायची आणि तो तिला एकेक भाग दाखवायचा. हा पिस्टन. हा वाकलेला दांडा. दुसरं काही बोलता येत नव्हतं त्याला. बाकीचे सहा दिवस तो शनिवारी काय बोलायचं ते पाठ करायचा.

"मुखदुर्बळ," गोपाळकृष्ण म्हणाले. "तुमचा मित्र वाटत नाही."

"तेव्हा तसा होता तो."

मग एका शनिवारी तिने सांगितलं, कंपनी तिला बंगळूरला पाठवतेय, कायमची. "गाडीचं काय ते एकदा होऊ दे," ती म्हणाली, "मग कळवते त्यांना." म्हणजे क्लेम लटकून होता तोवर ती पुण्यात होती.

"मग लटकवायचा की जन्मभर."

"लटकवला असता. पण ती बाई बसला लोंबकळत यायची, ते याने एकदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी साहेबांशी भांडला, आणि निम्मी भरपाई मंजूर करून घेतली."

"तिला काय वाटत होतं?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"ते मी कसं सांगणार? गोष्ट शरच्चंद्रची आहे."

नवं इंजिन बसलं. ती गाडी घ्यायला आली. किल्ली फिरवली, आणि गाडी इतकी हलकेच सुरू झाली की तिने कान देऊन ऐकलं. शरच्चंद्र कागद घेऊन खिडकीशी गेला. काम पुरं झाल्याची तिची सही घेतली.

रावसाहेब थांबले. चहा केव्हाच गार झाला होता, तरी एक घोट घेतला.

"मग?" गोपाळकृष्ण म्हणाले.

"मग काय. वाकला खिडकीशी आणि टाकलं विचारून. बंगळूरला जाऊ नका म्हणाला. ती म्हणाली, बसा. तशीच दोघं थेट सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेली. पुढे लग्न केलं. आता विश्रांतवाडीला असतात, दोन नातवंडं आहेत, धाकटी महावांड."

गोपाळकृष्णांची निराशा झाली. "यात खोटं वाटण्यासारखं आहे काय?"

सुशीलाबाईंनी कप खाली ठेवला.

"शेवटचं सगळं," त्या म्हणाल्या. "तुम्ही काही विचारलं नाहीत. सही घेतलीत, जपून चालवा म्हणालात आणि स्कूटरला किक मारलीत. मी फाटकाशी गाडी सुरू ठेवून बसले होते, रावसाहेब. बंगळूरला त्यानंतर कळवलं."