सरांची शनिवारची चाचणी

"यंदापासून बारावीची सहामाही परीक्षा बंद," मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत परिपत्रक वाचायला घेतलं, आणि सरांच्या तोंडातला चहा कडू झाला.

सर बारावीला नाटक शिकवायचे. सहामाहीचा पेपर बाहेरून यायचा, सगळ्या शाळांना एकच. त्याच्या धाकानेच पोरं अभ्यासाला बसतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

"बरं झालं, गठ्ठे तपासायचे वाचले," गणिताचे सर चहात बिस्किट बुडवत म्हणाले. त्यांच्या मिशीला चिकटलेला ओला लगदा पाहून सरांना शिसारी आली. कामचुकारांना निमित्तच हवं असतं. ते कप आपटून उठले.

"अहो, थांबा. पुढे अजून आहे," बाई म्हणाल्या.

"ते तुम्हीच ऐका. माझे कान विटले."

वर्गात तर आनंदीआनंद होता. कुणी बाकाखाली च्युइंगम चिकटवतंय, कुणी तासाला केस विंचरतंय. सगळ्यांत मागे कुंभकर्ण. हे नाव सरांनीच ठेवलेलं. नाटकाचं यंदाचं कोरं करकरीत पुस्तक उशाला घेऊन तो घोरायचा, आणि मुखपृष्ठावरच्या होडीला लाळ लागायची.

"पुस्तकाचा एवढाच उपयोग ठाऊक आहे गाढवाला," सर म्हणाले. त्यांनी नाकाला रुमाल लावला. त्यानंतर त्या बाकाकडे ते फिरकले नाहीत.

सरांना पुस्तक लागायचंच नाही. दोन भावांच्या वैराचं नाटक त्यांना तोंडपाठ होतं. ते डोळे मिटून संवाद म्हणायचे, अर्थ सांगायचे, आणि मुलं टिपणं उतरवून घ्यायची.

"सर, पुस्तक विकत घेऊ का?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिला वकिलीला जायचं होतं, आणि या विषयात घसरली की तो दरवाजा बंद होता.

"कशाला? माझ्या टिपणांबाहेर एक अक्षर येत नाही."

"पण सहामाही नाही, तर मी किती पाण्यात आहे ते कळणार कसं?"

"मी आहे ना."

सरांनी शब्द पाळला. दर शनिवारी चाचणी. प्रश्न ते काढायचे, तपासायचेही तेच. जेवणाच्या टेबलावर कागद पसरलेले पाहून बायको म्हणायची, "शाळेने हाकलली ती परीक्षा तुम्ही घरात आणून बसवलीत." सरांना त्याचाही अभिमानच वाटायचा. बाकीच्या आळशांनी वर्ग वाऱ्यावर सोडले होते. त्यांचा एकट्याचा वर्ग तयार होत होता.

मुलगी पैकीच्या पैकी मिळवायची. कुंभकर्ण कोरा कागद द्यायचा.

"सर, यातलं माझ्या वाचनात काहीच आलेलं नाही," तो एकदा म्हणाला.

"वाचायला डोळे उघडे ठेवावे लागतात," सर म्हणाले, आणि वर्ग खो खो हसला. ती मुलगीही हसली.

वार्षिक परीक्षेला नाटकाच्या पेपरच्या दिवशी सर मुद्दाम फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. वर्षभराच्या मेहनतीचं चीज आज होणार होतं.

आधी कुंभकर्ण बाहेर आला. काखेत तेच डागाळलेलं पुस्तक. कधी नव्हे ते डोळे टक्क उघडे.

"सोपा गेला, सर."

कॉपी केली असणार. दुसरं काय? सरांना त्याच्याशी बोलायचीही किळस आली. त्यांनी मान फिरवली.

मागून मुलगी आली. मैत्रिणी पाठीवर हात ठेवत होत्या, तिला ते कळत नव्हतं. प्रश्नपत्रिकेची पार सुरळी झाली होती.

"काय गं?" सर हसून पुढे झाले. "पेपरात थोरला भाऊ आला, की धाकटा?"

"दोघांपैकी कुणीच नाही, सर," ती म्हणाली. "होडीवाला कोण?"