चौथी बर्थ

"बाकी सगळं आहे, पण हे जुळत नाही," दलाल म्हणाला आणि त्याने नोंदणीचा कागद टेबलावरून पुढे सरकवला. "कागदावर झोपायची सोय चौघांची आहे. आत बर्थ तीनच आहेत."

आत राहाय-झोपायची सोय असलेलं मोटरहोम दाराशी उभं होतं. धुऊन पुसून लख्ख. गाडीच्या मालकाने सकाळपासून बसून विमा, गॅसच्या टाकीची तपासणी, टायरच्या पावत्या, दोन्ही किल्ल्या असं सगळं क्रमाने लावलं होतं. एरवी त्याचं काम म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. पण हात चालू असले की डोकं गप्प बसतं, हे अलीकडे त्याला कळलं होतं. मुलाचं नाव न निघता गाडी जावी, एवढंच त्याला हवं होतं. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खात होतं.

"मग तीन करून टाका की."

"मी करून चालत नाही, साहेब. तुम्हाला अर्ज द्यावा लागेल. सोपा आहे, ही एवढी ओळ भरायची." दलालाने बोट ठेवलं. बर्थ काढण्याचं कारण. "लोक काय वाट्टेल ते लिहितात. सायकली ठेवायला काढली, कुत्र्याला जागा केली. तुम्ही कशाला काढलीत?"

मोरीपाशी बायको कप विसळत होती. नळ बंद झाला.

त्याने पेन उचललं. धाकटा गेला, एवढंच तर लिहायचं होतं. शाळेतून नाव कमी करताना त्याने ते लिहिलं होतं, दवाखान्यात लिहिलं होतं, बँकेत तर उभ्या उभ्या. कुठे अडलं नव्हतं. पण इथलं कारण ते नव्हतं. बर्थ त्याने काढली होती. स्वतः, पाना घेऊन, बायको झोपलेली असताना. तिने नंतर विचारलं तेव्हा म्हणाला होता, भंगारात दिली.

"परत बसवली तर?" त्याने विचारलं.

"तर प्रश्नच मिटला. पण आता तशी मिळायची कुठे?"

तो उठून गॅरेजमध्ये गेला. कपाटामागून, जुन्या चादरीत गुंडाळलेली बर्थ त्याने ओढत बाहेर आणली. बायको दारात येऊन उभी होती.

"भंगारात दिली म्हणाला होतात."

"हो."

"बरं," ती म्हणाली. तिने पदराला हात पुसले आणि दुसरं टोक धरलं.

ती रडेल असं त्याला वाटलं होतं. निदान चार शब्द सुनावेल. तिने काहीच केलं नाही. त्यालाही काही वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचीच त्याला भीती वाटली.

गाडीत तिने बर्थ वर उचलून धरली, त्याने बोल्ट पिळले. भोकं बरोबर जुळली. गादी तीच होती. बायकोने उशीबिशी कुरवाळली नाही, नुसती झटकली आणि ठेवून दिली.

"काढली होती म्हणून कोणी सांगणार नाही," दलाल खूश होऊन म्हणाला. मोबाइल काढून त्याने कोन बघितला. "आता एकच फोटो. गिऱ्हाईक मोठं चिकित्सक आहे, वजन पेलतं का म्हणून विचारेल. जरा कोणीतरी आडवं होऊन दाखवा. तुम्ही नको साहेब, आपल्याला गाडी विकायचीय."

तो हसला. हसायची जागा होती म्हणून हसला.

बायकोने चपला काढल्या. शिडीला धरून ती वर चढली आणि आडवी झाली. बर्थ तिला तोकडी पडत होती, म्हणून तिने पाय पोटाशी घेतले. दलालाने फोटो काढला, नीट आला का बघितलं, मग आणखी एक काढला.

"झालं, वहिनी. उतरा आता."

ती कुशीवर वळली. तोंड भिंतीकडे केलं.

दलालाने त्याच्याकडे बघितलं. थोडा वेळ वाट बघून तो मोठ्याने म्हणाला, "वहिनी, सह्या राहिल्यात तुमच्या."

दलालाच्या पुढे होऊन त्याने तिच्या डोक्यावरचा दिवा बंद केला.

"हळू बोला," तो दलालाला म्हणाला आणि त्याला हाताला धरून गाडीतून खाली उतरला.