पुन्हा जिवंत करायचं नाही

"आज मेलो तर मेलो. पुन्हा जिवंत करायचं नाय," गोरक्षने चप्पल काढता काढताच सांगून टाकलं.

दीपकने मान डोलावली. इंदिरानगरमधल्या त्याच्या दोन खोल्यांत गेली आठ वर्षं दर रविवारी हा खेळ चालू होता. दीपक गोष्ट रचायचा, शत्रू अंगावर सोडायचा. बाकी तिघं आपापलं पात्र घेऊन लढायची. वार बसला की चुकला, माणूस वाचला की मेला, हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा. ज्याने फासा टाकला त्याने आकडा सांगायचा आणि इतरांनी तो मुकाट मानायचा, वाकून बघायचं नाही, हा पहिल्या दिवसापासूनचा रिवाज होता.

तिघांची पात्रं आता विसाव्या लेव्हलला पोचली होती. त्याच्या वर काही नाही. तिथवर गेलं की माणसाला माज येतो, असं दीपकचं मत होतं. नाहीतर गोरक्षच्या सरदाराने भर लढाईत चिलखत का उतरवावं? अश्विनच्या तिरंदाजाने जादूची ढाल मातीमोल भावात फुंकून टाकली होती. संजनाच्या मांत्रिकिणीने तर प्राण वाचवणारा ताईत एका भिकाऱ्याला दिला होता, तोही त्याने मागितलेला नसताना.

वर फासेही रुसलेले. महिनोन्महिने पडायचे ते नुसते दोन, तीन, चार!

निस्तरायला दीपक होताच. कधी आकाशातून देव उतरायचा, कधी गुहेतून एखादा ऋषी निघायचा, आणि मेलेली तिघं उठून बसायची. आभार राहिले बाजूला, ती त्याच्याकडे अशी बघायची, जणू याने त्यांच्या ताटातलं काढून घेतलंय. एवढ्या मोठ्या योद्ध्यांना फुकटचं वरदान खुपणारच, अशी तो स्वतःची समजूत घालायचा.

त्याला भीती एकाच गोष्टीची होती. तिघं कायमची मेली की खेळ संपणार, आणि खेळ संपला की रविवारही इतर दिवसांसारखा होणार. इतर दिवशी त्याच्या दाराची बेल कोणी वाजवत नसे. दोन वर्षांपूर्वी अश्विनने 'आता थांबूया का' एवढंच विचारलं होतं, तर दीपकने अंथरूण धरलं. महिनाभर ऑफिस नाही, धड जेवण नाही. शेवटी तिघंच त्याच्या दारात येऊन उभी राहिली. त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही.

आज मिसळ गार झाली तरी कोणी हात लावला नव्हता. अश्विनचं बोट मोबाइलवर फिरत होतं. मुलीचा वाढदिवस सोडून आलेय, हे संजनाने भिंतीकडे बघत दोनदा ऐकवलं.

"आण तुझा राक्षस," गोरक्ष म्हणाला. "मला सटाण्याला परत जायचं हाय."

दीपकने राक्षस आणला. त्याने तिघांवर आग ओकली. ज्याला पाच किंवा वर पडतील तो वाचेल, असं दीपकने जाहीर केलं. फक्त पाच. एवढ्या थोर राक्षसाच्या इतक्या मिळमिळीत आगीची दीपकलाच लाज वाटत होती.

गोरक्षने तळहाताआड फासा टाकला. "तीन. गेलो."

अश्विनने टाकला. "चार." आणि त्याने मोबाइल खिशात घातला.

उरली होती संजना. ती वाचली तर मांत्रिकीण मेलेल्या दोघांना उठवू शकली असती.

"आता सगळं तुझ्यावर आहे," तो म्हणाला. "नीट टाक."

"मला शिकवू नकोस." तिने फासा भिरकावला. तो टेबलावरून उडून दीपकच्या खुर्चीखाली गेला.

"दोन," संजना म्हणाली. तिने खाली पाहिलंही नव्हतं.

आठ वर्षांत पहिल्यांदाच दीपक वाकला. फासा खुर्चीच्या पायाला टेकून पडला होता. वर वीसचा आकडा होता.

तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग फासा मुठीत घट्ट धरून तो उठला.

"हो," तो म्हणाला. "दोनच पडलेत."