पांढऱ्या पेशी, काळा कोट

"ऑपरेशननंतर शरीरातल्या पांढऱ्या पेशी जखम भरायला धावतात, काकू. तेवढे दिवस बाकीकडचा पहारा ढिला पडतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कॅन्सरची एखादी चुकार पेशी उरली असेल, तर तिचं फावतं. त्यात कुणाचा सर्दी-खोकला नको. भेटायला येणारे बंद."

"पेशींचं यांना सांगा," काकूंनी स्टुलावरच्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "आमच्या यवतमाळात कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. या वकीलसाहेबांनी आयुष्यात एक पेशी धड होऊ दिली नाही. नुसती पुढची तारीख मागायची, आणि मिळाली की घरी पेढे!"

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेब काळा कोट चढवून खोलीच्या दाराबाहेर बसले. डबा घेऊन आलेल्या सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी आत सोडलं नाही. "आज होणार नाही. पुढच्या सोमवारी बघू." आत काकू टाक्यांवर हात धरून हसत होत्या.

टाके निघाले त्या दिवशी डॉक्टरबाई रिपोर्ट बघून म्हणाल्या, "छान. पेशी परत पहाऱ्यावर आल्यात. आता तीन महिन्यांनी या."

"म्हणजे मी बरी झाले ना?" काकूंचं हसू थांबलं होतं. "एकदाचा निकाल सांगून टाका की."

डॉक्टरबाई शब्द शोधू लागल्या. तेवढ्यात वकीलसाहेबच उठले. कोटाची बटणं लावत, काकूंकडे न बघता म्हणाले,

"निकालाची घाई कुणाला आहे? तीन महिन्यांची तारीख मिळाली. चल, पेढे घेऊ."