बिघडलेला केप

समुपदेशक ताईंच्या खोलीत खेळाचा नियम एकच होता. सुपरहीरोचा लाल केप ज्याच्या पाठीवर, त्याने हात वर करून "थांब!" म्हटलं की राक्षसाने आडवं व्हायचं. केप सहा वर्षांच्या चिमीच्या पाठीवर आणि राक्षस तिचे बाबा. ते काय झकास कोसळायचे! हातपाय झाडून, जीभ बाहेर काढून. घरीदारी तोंडाला कुलूप लावून बसणारी पोर इथे खळखळून हसायची. ताईंनी फाइलमध्ये शेरा मारला, 'वडिलांचं सहकार्य उत्तम', आणि चौथ्या आठवड्याला कौतुकाने केप तिला घरी नेऊ दिला.

पाचव्या आठवड्याला चिमीने तो नीट घडी घालून परत आणला.

"ताई, हा बिघडलाय."

"अगं, केप कसा बिघडेल? जोरात म्हणालीस ना, थांब म्हणून?"

"खूप जोरात. आईच्या पुढे उभी राहून म्हटलं."

तोवर बाबा बूट काढून चटईवर हजर. "चला मॅडम, राक्षस मरायला तयार आहे!"

चिमी ताईंच्या कानाशी आली.

"बाबा पडलेच नाहीत. आई पडली."