समोरची रांग

समोरच्या तुकिनेमबाईंच्या खाणावळीपुढे गुदेगसाठी नित्य रांग लागत असे. अलीकडच्या खाणावळीतील वार्सिनीबाईंचा तोच फणसाचा पदार्थ मात्र मसाले बदलूनही कोणी चाखेना. अखेरीस त्यांनी आपले पातेले पालथे घातले आणि त्या रांगेलाच कॉफी व बसावयास स्टुले पुरविण्याचा व्यवसाय आरंभिला. तो पाहता पाहता भरभराटीस आला.

एके सायंकाळी तुकिनेमबाई तापाने फणफणल्या. उद्या खाणावळ बंद राहिली, तर रांग नाही आणि कॉफीही नाही. सबब वार्सिनीबाईंनी आपले जुने पातेले उचलून गुपचूप समोरच्या चुलीवर चढविले व स्वतःच्याच पद्धतीने गुदेग शिजविला.



दुसऱ्या दिवशी नेहमीचे एक गिऱ्हाईक बोटे चाटीत कॉफीला आले आणि म्हणाले, "वार्सिनीताई, याला म्हणतात गुदेग. तुम्हाला काही तो जन्मात जमला नसता."