तिखट कान

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण अण्णांना रेकॉर्डवरून चालणाऱ्या मुंगीची पावलं ऐकू यायची; हे अर्थात अण्णाच सांगायचे. तरीही लेकीनं उद्याची कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हा ते उखडले. “कानात यंत्र घालायला मी काय म्हातारा झालोय? बस इथं, परीक्षा घे.” त्यांनी रेकॉर्ड प्लेयरच्या दांड्याला सुईचं नवं कार्ट्रिज लावलं, चौकटी आखलेल्या कागदावर सुई सरळ जुळवली, दांड्याच्या मागचं वजन केसभर फिरवलं. रेकॉर्ड फिरू लागली, दांडा तिच्यावर आला आणि अण्णा डोळे मिटून डोलू लागले. “गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू येतोय बघ.” बायको शेजारी येऊन बसली आणि त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाली, “अहो, सुई अजून खाली टेकलीच नाही. उद्या मीही येते बरोबर. मलासुद्धा हल्ली तुमच्या थापा नीट ऐकू येत नाहीत.”